कारभार हाच अभ्यासक्रम



विद्यार्थ्यांमध्ये उद्योजकता रुजावी यासाठी आपल्याकडे धोरणांची उणीव आता राहिलेली नाही. २०१६ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने स्टार्टअप धोरण आणले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने नवोपक्रमाच्या कामासाठी विद्यापीठात स्वतंत्र संचालकपदाची तरतूद केली. २०१८ पासून केंद्र सरकारच्या पुढाकाराने महाविद्यालयांत इनोव्हेशन कौन्सिल स्थापन होऊ लागल्या. २०१९ मध्ये विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण जाहीर झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग आणि कौशल्य अभ्यासक्रम यांना श्रेयांक मिळाले. या सगळ्यामागचा हेतू चांगला आहे आणि तो मी गृहीतच धरतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. इतके कागदावर आल्यानंतर वर्गातला मुलगा किंवा मुलगी नेमके काय शिकते? माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. विद्यापीठ स्वतःचा कारभार कसा हाकते, निर्णय कोणाच्या हाती ठेवते, फसलेल्या प्रयत्नाला काय किंमत लावते आणि शिक्षकावर किती विश्वास टाकते, यांतून विद्यार्थ्याची उद्योजकता घडते किंवा खुरटते. उद्योजकतेचा पेपर हा या मोठ्या शिक्षणाचा एक लहानसा भाग आहे, आणि कारभार त्याच्या विरुद्ध दिशेने चालला असेल तर त्या पेपरचा उपयोग जवळजवळ होत नाही.

उद्योजकता म्हणजे काय, हे आधी ठरवून घेऊ. कंपनीची नोंदणी करणे आणि गुंतवणूकदार मिळवणे एवढाच तिचा अर्थ घेतला तर आपण फार थोड्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत राहू. गरज हेरणे, साधने हाताशी नसताना ती जमवणे, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, माणसे जोडणे, आणि निर्णय चुकला तर तो आपला म्हणून दुरुस्त करणे, ही उद्योजकाची खरी कौशल्ये होत. ती दुकानदाराला लागतात, शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्याला लागतात, आणि गावातली शाळा सुधारू पाहणाऱ्या मुख्याध्यापिकेलाही लागतात. महाराष्ट्राला याचे मोठे उदाहरण ठाऊक आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला, तो विठ्ठलराव विखे पाटील यांच्या जिद्दीवर आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीवर. गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अर्थतज्ज्ञ होते, आणि त्यांनीच या कारखान्याचे अध्यक्षपदही सांभाळले. एका अभ्यासकाने शेतकऱ्यांच्या भांडवलाची, उसाच्या दराची आणि गाळपाची जबाबदारी अंगावर घ्यावी, आणि त्याच्या संस्थेने ते काम अभ्यासाबाहेरचे मानू नये, ही घटना आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. उद्योजकता सामूहिक असू शकते, ग्रामीण असू शकते, आणि विद्वत्तेशी तिचे काही वैर नाही, हे त्यातून दिसते.

मग आपली विद्यापीठे या कौशल्यांना पोषक का ठरत नाहीत? त्याचे एक कारण त्यांच्या जन्मात आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. पुढे विद्यापीठांत अध्यापनाचे विभाग आले, संशोधन आले, परंतु संलग्नतेची ही रचना टिकली आणि वाढत गेली. शेकडो महाविद्यालये, लाखो विद्यार्थी आणि एकच प्रश्नपत्रिका असे गणित झाले की कारभाराचा सगळा जोर एकसारखेपणावर येतो. प्रत्येक केंद्रावर तेच प्रश्न, तीच आदर्श उत्तरे, तीच गुणांची विभागणी. अशा व्यवस्थेत उद्योजकता हा विषय आला की त्याचेही तसेच होते. ‘उद्योजकाची व्याख्या सांगून त्याचे गुण स्पष्ट करा’ असा प्रश्न पडतो आणि विद्यार्थी जोखीम पत्करण्याची तयारी, कल्पकता, नेतृत्व असे मुद्दे क्रमाने लिहितो. जोखमीचा मुद्दा पाठ असल्याबद्दल त्याला पूर्ण गुण मिळतात आणि प्रत्यक्ष जोखीम घेण्याची वेळ त्याच्यावर तीन वर्षांत एकदाही येत नाही. यात शिक्षकाचा दोष थोडा आहे. शेकडो ठिकाणी एकाच मापाने तपासता येईल असेच काही शिकवायला ही रचना त्याला भाग पाडते.

उद्योजकतेच्या शिक्षणाचा परिणाम मोजण्याचे गंभीर प्रयत्न जगात झाले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष आपल्याला सावध करणारे आहेत. नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणारा कार्यक्रम एका शाखेत सक्तीचा होता आणि दुसऱ्या शाखेत नव्हता. दोन्हींची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कौशल्यांचे जे मूल्यमापन केले त्यात लक्षणीय वाढ आढळली नाही, आणि उद्योग सुरू करण्याची इच्छा तर कमीच झाली. त्याच वर्षी जर्मनीतल्या म्युनिक इथल्या एका सक्तीच्या अभ्यासक्रमाचाही अभ्यास आला. आपण या वाटेला योग्य आहोत की नाही याची जाण विद्यार्थ्यांना आली, पण एकूण इच्छा थोडी घटली. ट्युनिशियात पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रबंधाऐवजी व्यवसाय आराखडा लिहिण्याचा पर्याय देऊन, सोबत प्रशिक्षण आणि मार्गदर्शन पुरवून प्रयोग झाला. स्वयंरोजगारात थोडी वाढ झाली, एकूण रोजगारात झाली नाही, आणि चार वर्षांनी पाहिले तेव्हा ती थोडी वाढही ओसरली होती. हे निष्कर्ष निराशेचे आहेत असे मी म्हणणार नाही. स्वतःची ओळख पटून एखादा विद्यार्थी नोकरीकडे वळला तर त्यात गैर काही नाही. पण चालू व्यवस्थेला एक कार्यक्रम जोडला की उद्योजक तयार होतील, या समजुतीला मात्र या पुराव्यातून आधार मिळत नाही. नेदरलँड्समधला कार्यक्रम तर पुस्तकी नव्हता, प्रत्यक्ष कृतीचा होता. म्हणजे हाताला काम दिले एवढ्यानेही भागत नाही.

मग कशाने भागते? याचा सगळ्यात बोलका पुरावा आफ्रिकेतल्या टोगो या देशातून मिळतो. तिथे सुमारे १,५०० लहान व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला हिशेब, विपणन, वित्त यांचे रूढ प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला पुढाकाराचे प्रशिक्षण दिले, म्हणजे सांगण्याची वाट न पाहता सुरुवात करणे, पुढच्या अडचणींचा आधी विचार करणे आणि अडथळा आला तरी चिकाटी न सोडणे. तिसऱ्या गटाला कोणतेही प्रशिक्षण नव्हते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पुढाकार शिकलेल्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. रूढ प्रशिक्षणाच्या गटात वाढ सुमारे ११ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावी इतकी नव्हती. हे लोक विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते, त्यांचे व्यवसाय आधीच चालू होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी यातून दोन गोष्टी हाती लागतात. उद्योजकतेचा गाभा शिकवता येतो, म्हणून ‘उद्योजक जन्मावा लागतो’ हा आक्षेप टिकत नाही. आणि तो गाभा माहितीत कमी, पुढाकाराच्या सवयीत अधिक आहे. सवय म्हटली की ती एका सत्रात लागत नाही. रोज ज्या वातावरणात माणूस वावरतो ते वातावरण ती लावते किंवा मोडते. इथे विद्यापीठाच्या व्यवस्थापनाचा संबंध थेट येतो.

एक साधा प्रसंग कल्पनेने जवळून पाहू. दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना कांदाचाळीतली आर्द्रता मोजणारे स्वस्त उपकरण बनवायचे आहे. त्यांना काहीशे रुपयांचा सेन्सर हवा आहे. विभागप्रमुखांना अर्ज द्यावा लागतो. प्राचार्यांची मान्यता लागते. तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करावा लागतो. खरेदी समितीची बैठक लागते. वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होते, आणि नोंद झालेली वस्तू जळाली किंवा मोडली तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. सेन्सर हाती येईपर्यंत सत्र संपत आलेले असते. शिक्षक शहाणा असेल तर पुढच्या वर्षी जळण्यासारखे काही मागवायचेच नाही असे ठरवतो. विद्यार्थी खिशातून पैसे घालतात, आणि ज्यांच्या खिशात नाहीत ते प्रकल्पाची तयार फाईल विकत आणतात. आता याच महाविद्यालयात उद्योजकतेवर कार्यशाळा होते. नॅकच्या मूल्यांकनात अशा कार्यशाळांची संख्या मोजली जात असल्याने तिची नोंद चोख ठेवली जाते. फलक, हजेरीपट, जिओटॅग असलेली छायाचित्रे, अहवाल, सगळे जागेवर असते. विद्यार्थ्याला दोन धडे मिळतात. व्याख्यात्याचा धडा पुढाकार घ्या असे सांगतो. संस्थेचा धडा पुढाकार महाग पडतो असे सांगतो. दुसरा धडा रोज मिळतो, म्हणून तोच पक्का होतो. कार्यशाळांची संख्या वाढवून हा विरोध मिटणार नाही, कारण तो कार्यशाळेच्या बाहेर आहे.

शिक्षकाचे स्थान याच चौकटीत पाहावे लागते. ज्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, आणि अभ्यासक्रमातला शब्द बदलण्याचाही ज्याला अधिकार नाही, तो विद्यार्थ्यांना दीर्घ पल्ल्याच्या, अनिश्चित कामात कसा उतरवणार? विद्यार्थी शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या कामाचे अनुकरण करतो. शिक्षक स्वतः कुठली तरी खरी समस्या सोडवत असेल तर त्याच्या भोवतीचे विद्यार्थी आपोआप त्या कामात ओढले जातात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा इतिहास हेच सांगतो. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये ती आपला एक विभाग म्हणून सुरू केली, आणि पहिल्या अभ्यासक्रमांत वस्त्ररसायनाचा अभ्यासक्रम होता, कारण शहर गिरण्यांचे होते. पुढे मनमोहन शर्मा यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या काळात उद्योगांना सल्ला देणे आणि जागतिक दर्जाचे संशोधन करणे ही दोन्ही कामे एकाच प्रयोगशाळेत चालली. उद्योगाकडून आलेली अडचण संशोधनाचा विषय होई, आणि संशोधक विद्यार्थ्याला कारखान्याची भाषा कळू लागे. केकी घरडा, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज उभारणारे अंजी रेड्डी, मुकेश अंबानी हे इथलेच विद्यार्थी. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले रघुनाथ माशेलकर यांनी इथेच शर्मांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि पुढे देशाच्या वैज्ञानिक संस्थांचा कारभार उद्योगाभिमुख केला. संस्थेला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मात्र शिक्षकाला उद्योगाशी स्वतःहून नाते जोडण्याची मुभा ही तिची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

यावर आक्षेप येईल की अशा संस्थेत मुळात हुशार विद्यार्थी निवडून घेतले जातात, तेव्हा यश निवडीचे आहे, व्यवस्थापनाचे नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु निवडीने बुद्धी कळते, त्या बुद्धीची दिशा कळत नाही. तितकेच हुशार विद्यार्थी इतरत्रही होते आणि आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य सुरक्षित नोकरीकडे वळतात. दिशा ठरते ती भोवतीच्या माणसांवरून आणि त्यांना मिळणाऱ्या मोकळीकीवरून. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी मांडली जाते की खरा उद्योजक संस्थेवाचून, किंबहुना संस्थेला न जुमानता, उभा राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे खरेच आहे. पण लक्ष्मणरावांच्या पाठीशी बेळगावात भाऊ रामूअण्णा होते, आणि पुढे जागा व आर्थिक मदत देणारा औंधचा संस्थानिक होता. ज्याच्या घरी असा भाऊ नाही आणि ज्याच्या तालुक्यात असा पाठीराखा नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी विद्यापीठ हाच तो आधार व्हायला हवा. संस्थेवाचून मोठे झालेल्या एकाचे उदाहरण देऊन संस्थेची जबाबदारी संपत नाही, कारण जे उभे राहू शकले नाहीत त्यांची नावे कुठेच नोंदलेली नसतात.

दुसरा आक्षेप विद्यापीठाच्या हेतूबद्दलचा आहे. ज्ञानाचे मंदिर बाजारपेठ होईल, तत्त्वज्ञान आणि इतिहास यांना कोणी विचारणार नाही, सगळे काही पैशांत मोजले जाईल, अशी भीती अनेक ज्येष्ठ अध्यापकांना वाटते. या भीतीचा मी आदर करतो. बर्टन क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये वॉरिक, ट्वेंटे, स्ट्रॅथक्लाइड, चाल्मर्स आणि योएनसू या पाच युरोपीय विद्यापीठांचा अभ्यास मांडला. उद्यमशील विद्यापीठाच्या त्याच्या कल्पनेत खंबीर मध्यवर्ती नेतृत्व, समाजाशी जोडणारी केंद्रे, उत्पन्नाचे विविध मार्ग, जिवंत शैक्षणिक विभाग आणि सर्वत्र भिनलेली संस्कृती या पाच गोष्टी एकत्र येतात. यांतली चौथी महत्त्वाची आहे. मूळ विभाग सशक्त नसतील तर बाहेरची केंद्रे पोकळ राहतात. म्हणजे उद्यमशीलता आणि विद्वत्ता यांची निवड करावी लागत नाही. उलट ज्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्यातल्या जुन्या दप्तरांचे सूचीकरण करू शकतो, त्यासाठी निधी मिळवू शकतो आणि खर्चाचा हिशेब स्वतः देऊ शकतो, तिथे इतिहासही जगतो आणि विद्यार्थीही पुढाकार शिकतात. बाजारूपणाचा धोका खरा आहे, पण तो निर्णयाची मोकळीक दिल्याने येत नाही. यश फक्त महसुलात मोजले की येतो. म्हणून मोजमाप बदलण्याचा आग्रह धरला पाहिजे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या महाविद्यालयांतला मोठा वर्ग पहिल्या पिढीचा शिकणारा आहे. घरी कर्ज आहे, बहिणीचे शिक्षण आहे, शेतीचा भरवसा नाही. अशा मुलाला किंवा मुलीला जोखीम घ्यायला सांगणे अन्यायाचे नाही का? परवडत नसताना उद्योगात उडी घ्यायला लावणे अन्यायाचेच आहे, आणि पदवी मिळताच किती विद्यार्थ्यांनी कंपनी काढली यावर संस्थेचे यश मोजणे तर चुकीचेही आहे. अमेरिकेतल्या उद्योगसंस्थापकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सर्वांत वेगाने वाढणाऱ्या हजारात एक कंपन्यांच्या संस्थापकांचे स्थापनेवेळचे सरासरी वय ४५ निघाले. अनुभव, ओळखी, बचत जमली की माणूस उद्योग उभारतो. म्हणून महाविद्यालयाचे काम त्या दिवसासाठी लागणारी सवय लावण्याचे आहे. आणि गरीब विद्यार्थ्याला ही सवय लावण्याची सर्वांत सुरक्षित जागा महाविद्यालयच आहे, कारण इथे प्रयत्न फसला तर घराची जमीन गहाण पडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ची जी परंपरा रुजली, तिच्यात हेच सूत्र होते. श्रमाने शिक्षणाचा खर्च भागतो आणि त्याच श्रमातून स्वाभिमान व जबाबदारी येते. आज ही योजना अनेक ठिकाणी कार्यालयात फाईली लावण्यापुरती उरली आहे. त्याऐवजी वसतिगृहाची खानावळ, झेरॉक्स केंद्र, रोपवाटिका, उपकरणदुरुस्ती अशी कामे हिशेबासह विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेकडे सोपवता येतील. दर ठरवणे, उधारी वसूल करणे, तोटा भरून काढणे हे ज्याने विसाव्या वर्षी केले, त्याला चाळिसाव्या वर्षी स्वतःचा उद्योग उभारताना पहिल्यापासून शिकावे लागणार नाही.

राहिला नियमांचा प्रश्न. तीन दरपत्रके मागण्याचा नियम कोणाच्या लहरीने आलेला नाही, सार्वजनिक पैशाची लूट थांबवण्यासाठी आला आहे, आणि तो मोडीत काढा असे मी म्हणणार नाही. परंतु लाखाच्या खरेदीला लागणारा नियम काहीशे रुपयांच्या सेन्सरला लावणे हे काटकसरीचे लक्षण नाही, अविश्वासाचे आहे. लहान रकमेपुरता विभागाला मोकळा हात द्यावा, तिचा हिशेब विद्यार्थ्यांनीच मांडावा आणि तो महाविद्यालयाच्या फलकावर जाहीर लागावा. उघडा हिशेब हीच लूट रोखण्याची उत्तम व्यवस्था आहे, आणि पैशाची जबाबदारी शिकण्याचा उत्तम तासही आहे. ज्या वस्तू प्रयोगात जळणार, मोडणार, त्यांच्यासाठी उपभोग्य साहित्याचे वेगळे लेखाशीर्ष ठेवावे, म्हणजे फसलेल्या प्रयोगाची शिक्षा शिक्षकाला भोगावी लागणार नाही. क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक देताना जाडजूड अहवालापेक्षा विद्यार्थ्याने कोणते निर्णय घेतले, कोणता बदलला आणि का, याची तोंडी परीक्षा घ्यावी. निर्णय विकत आणता येत नाहीत, म्हणून तयार फाईलींचा बाजारही आपोआप बसेल. अध्यापकाला उद्योगाशी किंवा ग्रामसंस्थेशी सल्लागार म्हणून काम करण्याची स्पष्ट, लेखी परवानगी असावी आणि पदोन्नतीत त्या कामाला स्थान असावे. आयआयटी मुंबईत २००४ पासून साइन आणि पुण्यात २००७ पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर ही इन्क्युबेशन केंद्रे काम करत आहेत. अशा केंद्रांचा उपयोग आसपासच्या संलग्न महाविद्यालयांनाही व्हावा, कारण प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःच्या केंद्राची पाटी लावण्यापेक्षा एका चांगल्या केंद्राचे दार दहा महाविद्यालयांना उघडणे अधिक फलदायी आहे.

या सूचनांपैकी एकीलाही नवा कायदा लागत नाही, आणि फार मोठा निधीही लागत नाही. लागतो तो व्यवस्थापन परिषदेचा ठराव, विद्यापरिषदेची मान्यता आणि प्राचार्यांचे मनोबल. म्हणून माझे आवाहन सरकारपेक्षा आपल्यासारख्या नागरिकांना अधिक आहे. आपल्यातले अनेक जण विद्यापीठांचे नोंदणीकृत पदवीधर आहेत, अधिसभेच्या निवडणुकीत मतदान करतात, कोणी संस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत. पुढच्या वेळी आपल्यासमोर उद्योजकता केंद्राचा अहवाल आला, तर किती कार्यशाळा झाल्या आणि किती कंपन्या नोंदल्या हे दोन प्रश्न बाजूला ठेवा आणि तीन वेगळे प्रश्न विचारा. या वर्षी विद्यार्थ्यांच्या हाती किती रुपयांचा खर्च स्वतःच्या निर्णयाने करण्यासाठी दिला? कोणते प्रयोग फसले आणि त्यांतून काय शिकलात? आणि किती शिक्षक वर्गाबाहेरच्या एखाद्या खऱ्या समस्येवर काम करत आहेत? या प्रश्नांची उत्तरे देणे संस्थांना दरवर्षी भाग पडले, तर कारभार बदलू लागेल, आणि तो बदलला की उद्योजकतेच्या पेपरातले मुद्दे विद्यार्थ्यांना पाठ करावे लागणार नाहीत, कारण ते त्यांच्या रोजच्या वागण्यात आलेले असतील.